चेतापेशी, फिरती यंत्रे आणि उद्याचे अंतराळ स्थानक

२०२५ च्या जून-जुलैमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले, तेव्हा त्यांच्यासोबत भारतीय संस्थांनी आखलेले सात प्रयोग गेले होते. स्नायूंच्या पेशी वजनरहित अवस्थेत पुन्हा कशा वाढतात हे त्यांतल्या एका प्रयोगात पाहिले गेले. सूक्ष्म शैवाले होती, मोड आणलेले मूग आणि मेथी होती, टार्डिग्रेड नावाचे अतिशय चिवट सूक्ष्म प्राणी होते, आणि संगणकाच्या पडद्यावर काम करताना अंतराळवीराच्या नजरेवर व एकाग्रतेवर काय परिणाम होतो याचीही तपासणी होती. मज्जासंस्थेच्या पेशींवरचा प्रयोग मात्र या सातांत नव्हता. पहिल्याच फेरीत सगळे विषय यावेत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, आणि जे प्रयोग निवडले गेले ते महत्त्वाचेच होते. तरीही २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट ज्या देशाने जाहीर केले आहे, त्याने तिथे महिनोन्महिने राहणाऱ्या माणसांच्या मेंदूचे काय होईल हा प्रश्न रांगेत शेवटी उभा करणे मला धोक्याचे वाटते.

या प्रश्नाचे काम जमिनीवर, प्रयोगशाळेत, थेट चेतापेशींपासून, म्हणजे मज्जासंस्थेच्या पेशींपासून, आत्ताच सुरू व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे. वजनरहित अवस्थेची नक्कल करणारी यंत्रे आपल्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना सार्वजनिक पैशातून मिळाली पाहिजेत. मात्र त्या यंत्रांतून निघणाऱ्या निष्कर्षांवर, जगभरात आज ज्या घातल्या जातात त्यांपेक्षा कडक अटी आपण घातल्या पाहिजेत. या दोन मागण्या मी वेगवेगळ्या मानत नाही. अटींशिवाय यंत्रे दिली तर दहा वर्षांनी आपल्याकडे शोधनिबंधांचा ढीग असेल, पण अंतराळवीराला किंवा त्याच्या डॉक्टरला त्यातून काही सांगता येणार नाही.

अंतराळातील दीर्घ मुक्कामाने मज्जासंस्थेत बदल होतात, याविषयी आता शंका उरलेली नाही. २०११ मध्ये सहा महिन्यांच्या मोहिमा करून परतलेल्या सात अंतराळवीरांच्या डोळ्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींच्या दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज होती, तर काहींच्या नेत्रगोलाची मागची बाजू सपाट झाली होती. २०१७ मध्ये डोना रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ अंतराळवीरांच्या मेंदूंची उड्डाणापूर्वीची आणि उड्डाणानंतरची एमआरआय चित्रे ताडून पाहिली. स्थानकावर दीर्घ काळ राहिलेल्या १८ जणांपैकी १७ जणांच्या मेंदूतील मध्यवर्ती खाच अरुंद झालेली आढळली. शटलमधून अल्प मुक्काम करून आलेल्या १६ जणांत असा बदल फक्त तिघांत दिसला. दीर्घ मुक्कामानंतर मेंदू कवटीत किंचित वर सरकल्याचेही त्यांना दिसले. स्कॉट केली ३४० दिवस अंतराळात होते आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क पृथ्वीवर होते. दोघांच्या तुलनेचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात स्कॉट यांच्या आकलनाचा वेग आणि अचूकता परतल्यानंतर घटल्याची आणि ती घट सहा महिन्यांपर्यंत टिकल्याची नोंद आहे.

ही माहिती मोलाची आहे, पण ती संपूर्ण माणसाविषयीची आहे. अंतराळात शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरच्यापेक्षा जास्त असतो, झोप मोडते, कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मिळणारे संकेत बदलतात, किरणोत्सर्ग वाढतो, आणि माणूस मोजक्या सोबत्यांसह बंद जागेत राहतो. एमआरआय चित्रात या सगळ्याची बेरीज उमटते. तिच्यातून प्रत्येक कारणाचा वाटा बाजूला काढणे अवघड आहे, आणि ज्यांच्यावर ही तपासणी करता येईल अशी माणसे जगात काही शेकड्यांपलीकडे नाहीत.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हीच अडचण किती तीव्र होते, याचे उदाहरण १९९८ च्या न्यूरोलॅब मोहिमेत सापडते. मज्जासंस्थेच्या अभ्यासाला वाहिलेली ती मोहीम होती. एप्रिल-मे महिन्यांत कोलंबिया यानातून सुमारे सोळा दिवसांत २६ प्रयोग झाले. त्यांत उंदरांची लहान पिल्लेही होती, कारण वाढत्या मज्जासंस्थेला गुरुत्वाची गरज किती असते हे पाहायचे होते. त्यातली बरीच पिल्ले उड्डाणातच दगावली. माद्यांकडून त्यांची नीट जोपासना झाली नाही, हे त्याचे मुख्य कारण होते. जी पिल्ले जगली त्यांच्यावर पुढे चांगले संशोधन झाले, पण उपाशी राहिलेल्या पिल्लाच्या मेंदूत दिसणारा बदल भुकेचा की वजनरहित अवस्थेचा, हे कोणी कसे ठरवावे? म्हणून प्रश्न लहान करावा लागतो. आई नाही, भूक नाही, रक्तदाब नाही, भीती नाही, अशा परिस्थितीत फक्त पेशी काय करते, हे विचारावे लागते. पेशीच्या पातळीवरचे उत्तर अपुरे असेल, तरीही ते कशाचे उत्तर आहे हे आपल्याला ठाऊक असेल.

आता यंत्रांकडे येतो, कारण या विषयातला खरा वाद तिथेच आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ज्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते, तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असते. तरी तिथे वजन जाणवत नाही, कारण स्थानक आणि त्यातले सर्व काही एकत्रच सतत पृथ्वीकडे पडत असते. जमिनीवर असे खरे पडणे घडवता येते, पण ते क्षणभरच. जर्मनीतील ब्रेमेन येथील मनोऱ्यात प्रयोगाची कुपी ११० मीटर खाली सोडतात, तेव्हा ४.७४ सेकंदांची उत्तम वजनरहित अवस्था मिळते. कुपी खालून वर फेकली तर ही अवस्था नऊ सेकंदांहून थोडी अधिक टिकते. विमान विशिष्ट कमानीत वरखाली उडवले, तर दर कमानीला वीस-बावीस सेकंद मिळतात. चेतापेशीतील विद्युत स्पंद टिपायला इतका अवधी पुरतो. पण जनुकांची अभिव्यक्ती बदलायला तास लागतात, चेतातंतू वाढायला दिवस लागतात आणि पेशींचे जाळे जुळायला आठवडे लागतात. इतका काळ पृथ्वीवर काहीही पडत ठेवता येत नाही.

म्हणून नक्कल करावी लागते. क्लायनोस्टॅट हे त्यासाठीचे सर्वांत जुने यंत्र आहे. एकोणिसाव्या शतकात युलिउस फॉन झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळे खाली आणि कोंब वर का जातात हे तपासण्यासाठी रोपे आडव्या आसाभोवती फिरवली, तेव्हापासून त्याचा वापर होतो आहे. पेशी असलेली नळी आडव्या आसाभोवती फिरत राहिली, की पेशीच्या दृष्टीने 'खाली' ही दिशा सतत बदलते. पेशी तळाकडे निघते न निघते तोच तळच फिरून वर गेलेला असतो. वेग योग्य असेल तर तिचा प्रवास तिच्या स्वतःच्या आकाराहून लहान वर्तुळात संपतो. रँडम पोझिशनिंग मशीन म्हणजेच आरपीएम या यंत्रात दोन आस असतात आणि दोन्ही अनियमित गतीने फिरतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिरत्या भिंतीचे पात्र तयार झाले. त्यात पेशी द्रवात तरंगत राहतात आणि हळूहळू एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे बनतात.

या तिन्ही यंत्रांत गुरुत्व नाहीसे होत नाही, ते दर क्षणी पूर्ण ताकदीने पेशीवर काम करत असते. फक्त त्याची दिशा इतक्या वेगाने बदलते, की काही मिनिटांची सरासरी काढली तर ती शून्याजवळ येते. एखाद्याला दर क्षणी वेगळ्या दिशेने ढकलत राहिले तर तो एकंदरीत जागेवरच राहतो. पण त्याला कोणी ढकललेच नाही, असे आपण म्हणत नाही. तेव्हा पेशीची जी प्रक्रिया संथ आहे आणि सरासरीलाच प्रतिसाद देते, तिच्यापुरती ही नक्कल ठीक आहे. जी प्रक्रिया क्षणाक्षणाचा धक्का ओळखते, तिला या यंत्रात वजनरहित अवस्थेच्या अगदी उलट अनुभव येत असणार. चेतापेशीच्या पटलावरील (बाहेरच्या आवरणावरील) आयन-वाहिन्या, म्हणजे विद्युतभारित कणांना आत-बाहेर सोडणारी सूक्ष्म दारे, सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडतात आणि मिटतात, हे लक्षात घेतले म्हणजे मज्जासंस्थेच्या अभ्यासात ही अडचण इतर पेशींपेक्षा का मोठी आहे ते कळेल.

दुसरी अडचण फिरण्याची. मिनिटाला साठ फेऱ्या घेणाऱ्या क्लायनोस्टॅटमध्ये आसापासून एक मिलिमीटर दूर असलेल्या पेशीला बाहेरच्या दिशेने जो रेटा जाणवतो, तो पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे ०.००४ पट असतो. पेशी एक सेंटिमीटर दूर असेल तर तो ०.०४ पट होतो, आणि दहा सेंटिमीटर दूर असेल तर ०.४ पट, म्हणजे मंगळाच्या पृष्ठभागावरील गुरुत्वापेक्षाही किंचित जास्त. हे साधे गणित आहे, कोणताही विज्ञान शाखेचा विद्यार्थी ते करू शकेल. पण त्याचा अर्थ असा, की एकाच यंत्रातल्या एकाच पात्राच्या मधल्या आणि कडेच्या पेशी वेगवेगळ्या जगात राहत असतात, आणि प्रयोगकर्त्याने पेशी नेमक्या कुठे ठेवल्या हे सांगितले नाही तर त्याच्या निष्कर्षाचे काय करायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. शिवाय पात्रातील पोषकद्रव हलतो आणि पेशींच्या पृष्ठभागाला घासत जातो. झाकणाखाली हवेचा लहानसा बुडबुडा राहिला तरी तो पात्रभर फिरून पेशींना ढवळतो. मोटर इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी उबदार ठेवणाऱ्या पेटीच्या, आत उष्णता सोडते आणि कंप निर्माण करते. चेतापेशी या सगळ्याला संवेदनशील आहेत.

यावर काही भौतिकशास्त्रज्ञ आणखी मूलभूत हरकत घेतात, आणि ती मला गंभीर वाटते. दहा मायक्रोमीटर त्रिज्येची पेशी घेतली आणि ती भोवतालच्या द्रवापेक्षा सुमारे पाच टक्के जड आहे असे धरले, तर द्रवात तिचे परिणामी वजन दोन पिकोन्यूटनच्या (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) आसपास येते. पेशीच्या आत सामान वाहून नेणारा किनेसिन नावाचा एकटा प्रथिन-रेणू पाच ते सात पिकोन्यूटन जोर लावू शकतो, आणि असे असंख्य रेणू एका चेतातंतूत एकाच वेळी कामाला असतात. ज्या पेशीच्या आतली नित्याची ओढाताण तिच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट आहे, तिला ते वजन नाहीसे झाल्याचा पत्ता तरी लागेल का, असा हा प्रश्न आहे. मला तो योग्य वाटतो. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष, की हे संशोधनच व्यर्थ आहे, तो मला मान्य नाही. पेशीला गुरुत्व थेट जाणवले नाही, तरी गुरुत्व नसल्याने तिच्याभोवतीचे जग बदलते. वजनरहित अवस्थेत उबदार द्रव वर आणि थंड द्रव खाली जात नाही. पेशीजवळचा ऑक्सिजन आणि तिने बाहेर टाकलेली द्रव्ये फक्त संथ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, हलतात. पेशी तळाला टेकून पसरत नाही आणि शेजारणीशी तिचा संपर्क वेगळ्या रीतीने जुळतो. बदल पेशीच्या आत सुरू होतो की तिच्या परिसरात, हे ठरवणे हेच तर या संशोधनाचे काम आहे.

आजवरच्या निष्कर्षांकडे या नजरेने पाहिले, की त्यांतला विरोध अर्थपूर्ण वाटू लागतो. इटलीतील संशोधकांनी २००२ मध्ये ग्लिअल पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार आणि पोषण देणाऱ्या पेशी, यंत्रात फिरवल्या. थोड्याच वेळात त्यांचा पेशीसांगाडा विस्कळीत झाला आणि पुढे बऱ्याच अंशी पुन्हा जुळला. होहेनहाइम विद्यापीठातील गटाने विमानातील कमानींमध्ये मोजमापे घेतली, तेव्हा चेतापेशींसारख्या पेशींचे पटल वजनरहित क्षणांत अधिक प्रवाही झालेले दिसले. ब्रेमेनच्या मनोऱ्यात मानवी मूलपेशींपासून तयार केलेली चेतापेशींची जाळी विद्युताग्रांच्या (इलेक्ट्रोडच्या) पट्टीवर ठेवून खाली सोडली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पडतानाच्या पावणेपाच सेकंदांत जाळ्याच्या स्पंदांची सरासरी वारंवारता वाढली, पण काही पेशींची वाढली आणि काहींची घटली. लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत, चेतातंतूंवर मायलिनचे आवरण चढवणाऱ्या पेशी नकली वजनरहित अवस्थेत अधिक जोमाने वाढल्या.

आणि मग ऑर्गनॉइड येतात. जीन लोरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मायलिनचे आवरण झिजवणारा आजार) असलेल्या रुग्णांच्या, तसेच निरोगी माणसांच्या पेशींपासून मेंदूच्या ऊतींसारखे इवलेसे गोळे तयार केले आणि २०१९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाठवले. सुमारे महिनाभर ते बंद कुप्यांमध्ये होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पृथ्वीवरच्या जोडीदारांच्या तुलनेत त्यांची परिपक्वता वाढली होती, विभाजन कमी झाले होते, आणि ताण व दाह यांच्याशी संबंधित जनुकांची सक्रियता अपेक्षेपेक्षा कमी होती. अंतराळात द्रवाचे अभिसरण थांबते, त्यामुळे तिथली स्थिती प्रत्यक्ष मेंदूच्या आतल्या स्थितीला अधिक जवळची असू शकते, असा अर्थ संशोधकांनी सुचवला आहे.

फिरत्या यंत्रात पेशीचा सांगाडा विस्कटतो, आणि खऱ्या अंतराळात ऊती शांतपणे परिपक्व होतात. पेशी वेगळ्या, काळ वेगळा, पात्र वेगळे, त्यामुळे ही थेट तुलना नाही, हे मान्य. पण यंत्रात दिसलेल्या हानीतला किती भाग वजन हरपल्याचा आणि किती भाग घुसळण्याचा, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. आपल्या क्षेत्राला तो ठाऊक आहे. २०१३ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून कोणत्या जीवासाठी कोणते यंत्र योग्य आणि त्याचे निष्कर्ष कोणत्या शब्दांत मांडावेत यावर सविस्तर शिफारशी प्रसिद्ध केल्या. तरीही यंत्रात तीन दिवस फिरवलेल्या पेशींचे निरीक्षण 'अंतराळात मेंदूच्या पेशी मरतात' अशा मथळ्याखाली लोकांपर्यंत पोहोचते, आणि त्यात वृत्तपत्रांइतकाच दोष शोधनिबंधाच्या सारांशात हातचे न राखता लिहिणाऱ्या संशोधकांचा असतो.

मग सरळ अंतराळातच का पाठवू नये, असे कोणी विचारेल. पाठवावेच. पण उड्डाणाचा प्रयोग वर्षातून एकदा, तोही नशिबाने मिळतो. पेशी प्रक्षेपणाच्या वेळी जोरदार कंप आणि गुरुत्वाच्या कित्येक पट भार सोसून वर जातात. वर किरणोत्सर्ग असतो. एखादी कुपी गळली तर पुन्हा संधी मिळत नाही. जमिनीवर हीच कारणे एकेक करून वेगळी तपासता येतात. प्रक्षेपणाचे कंप पेशींना देऊन पाहता येतात, फक्त किरणोत्सर्ग देऊन पाहता येतो, फक्त द्रवाचा प्रवाह देऊन पाहता येतो, आणि शेवटी नकली वजनरहित अवस्था त्यांच्याशी ताडता येते. अंतराळातील प्रयोगाने 'काय झाले' हे कळते. 'कशामुळे झाले' हे कळण्यासाठी बहुतेक वेळा खालीच काम करावे लागते. फिरती यंत्रे सदोष आहेत, म्हणून ती टाकून द्यावीत असे मला वाटत नाही. त्यांचे दोष मोजता येतात, आणि मोजता येणाऱ्या दोषाशी विज्ञान नेहमीच जुळवून घेत आले आहे.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यातच घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून त्यात भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचा समावेश केला आणि एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर नेली. त्या रकमेच्या शेजारी विद्यापीठात ठेवायच्या फिरत्या यंत्राची किंमत किरकोळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश कार्यालयाने विकसनशील देशांतील शाळा आणि संस्थांना क्लायनोस्टॅट वाटण्याचा कार्यक्रम चालवला आहे, यावरूनही त्याचा आवाका कळावा. हे काम पैशापेक्षा लक्ष न दिल्याने अडले आहे.

आपल्याकडे लागणारी बहुतेक साधने आणि माणसे आहेत. बेंगळुरूची निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर, या सर्व ठिकाणी चेतापेशी किंवा मूलपेशी वाढवण्याचे कौशल्य आहे. क्लायनोस्टॅटही महाराष्ट्राला नवा नाही; पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात धान्याच्या बियांवर त्याचा परिणाम अभ्यासला गेला आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० बरोबर गेलेल्या पोएम-४ या प्रयोगमंचावर ॲमिटी विद्यापीठाच्या मुंबई शाखेचा पालकाच्या पेशींचा प्रयोग होता. प्रक्षेपकाचा उरलेला टप्पा कक्षेत ठेवून त्यावर प्रयोग करण्याची ही इस्रोची योजना फार चांगली आहे, आणि वनस्पतीच्या पेशी तिथे राहू शकतात तर तापमान सांभाळणाऱ्या बंद कुपीत चेतापेशी राहणे अशक्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रो आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्यात सहकार्याचा करारही झाला आहे. पेशीशास्त्रज्ञ, चेताशास्त्रज्ञ आणि यंत्र घडवणारा अभियंता हे एका छपराखाली एकाच प्रश्नावर काम करतील अशी जागा मात्र नाही, आणि तीच आधी हवी. दहा संस्थांना दहा यंत्रे वाटण्यापेक्षा दोन-तीन सामायिक केंद्रे उभारावीत, जिथे क्लायनोस्टॅट, आरपीएम, फिरत्या भिंतीचे पात्र आणि जादा गुरुत्व देणारे सेंट्रिफ्यूज शेजारी-शेजारी असतील, आणि देशातला कोणताही संशोधक आपल्या पेशी घेऊन तिथे येऊ शकेल. पुण्यात असे केंद्र व्हावे असे मला वाटते, कारण पेशींचा राष्ट्रीय साठा तिथे आहे आणि अचूक यंत्रे घडवणारे लघुउद्योगही शहराच्या आसपासच आहेत.

अटींविषयी मी आग्रही आहे. स्थिर ठेवलेल्या पेशी ही एकच तुलना पुरेशी मानू नये. त्याच वेगाने उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या, म्हणजे फिरण्याचा त्रास होणाऱ्या पण गुरुत्वाची दिशा न बदललेल्या पेशीही सोबत असाव्यात, आणि यंत्राच्याच चौकटीवर कंप सोसत बसलेले एक पात्रही असावे. निष्कर्ष किमान दोन वेगळ्या तत्त्वांच्या यंत्रांत दिसला तरच तो वजनरहित अवस्थेशी जोडावा. यंत्र थांबवून मग पेशी गोठवल्या तर तेवढ्या मिनिटांत गुरुत्व परत आलेले असते, म्हणून पेशी फिरत असतानाच रसायनाने आहेत त्या अवस्थेत थांबवण्याची सोय अनिवार्य असावी. ज्या प्रयोगांत काहीच बदल दिसला नाही, तेही प्रसिद्ध करण्याची हमी निधी घेतानाच लिहून द्यावी. हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण फिरवूनही न बदललेली चेतापेशी आपल्याला बदललेल्या पेशीइतकेच सांगते, आणि आज ती माहिती प्रयोगशाळांच्या वह्यांतच राहते. अशा अटींमुळे शोधनिबंध कमी निघतील आणि तरुण संशोधकांना ते जाचक वाटेल, याची मला जाणीव आहे. म्हणूनच त्यांचे मूल्यमापन निबंधांच्या संख्येवर करू नये, हे निधी देणाऱ्यांनी आधीच जाहीर करायला हवे.

या संशोधनाचा रुग्णांना उपयोग होईल का, हा प्रश्न लोक विचारतात आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मायलिनच्या पेशी अधिक वाढवता आल्या तर मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराच्या अभ्यासाला मदत होईल. रुग्णांच्या पेशींपासून केलेले ऑर्गनॉइड लवकर परिपक्व झाले, तर उतारवयात दिसणाऱ्या आजारांचे बदल प्रयोगशाळेत लवकर पाहता येतील. इतके म्हणणे रास्त आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मेंदूचे किंवा स्मृतिभ्रंशाचे कोडे फिरत्या नळीत सुटेल, असे सांगून निधी मागितला जाऊ नये. दीर्घ काळ झोपून राहण्याच्या परिणामांसाठी स्वतंत्र अभ्यासपद्धती आहे. डोके सहा अंशांनी खाली ठेवून निरोगी स्वयंसेवकांना अनेक आठवडे झोपवले जाते, आणि जर्मनीतील कोलोन येथे असे प्रयोग नियमित होतात. रुग्णाच्या घरच्यांना आशा दाखवताना आपण हातात नसलेली गोष्ट देत नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. ज्यांच्या पेशी घेऊन ऑर्गनॉइड बनवायचे, त्यांना हेही नीट समजावून संमती घेतली पाहिजे, की त्यांच्या पेशींपासून वाढलेली मेंदूसदृश ऊती कदाचित पृथ्वीबाहेर जाईल. मूलपेशी संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण त्यांत या परिस्थितीचा स्पष्ट विचार भर घालून करावा लागेल.

राहता राहिला भारतीय स्थानकाचा आराखडा, आणि तिथे घाई आहे. वरच्या प्रयोगाची सर्वांत चांगली तुलना वरच होते: त्याच स्थानकात, त्याच किरणोत्सर्गात, त्याच हवेत, पण लहान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पृथ्वीइतके गुरुत्व दिलेल्या पेशींशी. आंतरराष्ट्रीय स्थानकावर युरोपच्या कोलंबस विभागातील बायोलॅब या प्रयोगयंत्रणेत आणि जपानच्या किबो विभागात अशी सोय आहे. याहून मोठे, सुमारे अडीच मीटर व्यासाचे सेंट्रिफ्यूज त्याच स्थानकाला जोडण्याची योजना होती. प्राणी दीर्घ काळ चंद्राच्या किंवा मंगळाच्या गुरुत्वात ठेवून पाहणे तिथे शक्य झाले असते. ती योजना २००५ मध्ये रद्द झाली, आणि अर्धवट गुरुत्वात मोठ्या प्राण्यांच्या मज्जासंस्थेचे काय होते हा प्रश्न त्यामुळे वीस वर्षे मागे राहिला. भारतीय स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये कक्षेत नेण्याचे लक्ष्य आहे. पेशींसाठीचे छोटे सेंट्रिफ्यूज, ३७ अंश तापमान सांभाळणारी पेटी आणि चेतापेशींचे विद्युत स्पंद तिथल्या तिथे टिपण्याची सोय यांना जागा, वीज आणि वस्तुमान आराखड्यात आत्ताच राखून ठेवावे लागेल. नंतर ते बसवणे कठीण आणि महाग पडते. सेंट्रिफ्यूजची त्रिज्या किती असावी, चंद्रासाठी एक-षष्ठांश आणि मंगळासाठी ०.३८ पट गुरुत्व कोणत्या वेगाने मिळेल, पेशी आसापासून किती अंतरात ठेवाव्यात, हे ठरवायला लागणारी आकडेवारी जमिनीवरच्या यंत्रांतूनच येणार आहे. म्हणून ही यंत्रे या वर्षी हवीत, आणि स्थानकाच्या आराखड्यावर सही करणाऱ्या समितीत एक चेताशास्त्रज्ञ हवा.